मंद गटातली माणसं

आजवर माझ्या हातून एकच शब्द चुकला, आणि तो दोनशे बारा घरांत पोस्टाने पोचला.

खरं तर शब्द चुकीचाही नव्हता. मी माणसांच्या यकृतावर संशोधन करते. एकच गोळी दहा जणांना द्या. सातांना बरं वाटतं, एकाला गुंगी येते आणि उरलेले दोघं म्हणतात, काही फरक नाही. घरचे त्या दोघांना रडे म्हणतात, डॉक्टर हट्टी म्हणतात. मी त्यांना नमुने म्हणते. त्यांच्या यकृताचा औषध फोडायचा वेग वेगळा असतो, आणि तो आईबापांकडून आलेला असतो. तो वेग मोजायचा आणि जनुकांशी ताडून पाहायचा, हे गेली चौदा वर्षं माझं काम आहे.

आमची प्रयोगशाळा इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईखात्याला लागून आहे. तिथे एक भलं मोठं यंत्र आहे, ते दर मंगळवारी रुसतं. नमुना द्यायला आलेल्या माणसाला आम्ही खोकल्याच्या औषधाची एक कॅप्सूल देतो आणि हातात दोन लिटरची बाटली ठेवतो. पुढच्या आठ तासांतली सगळी लघवी तिच्यात. औषधाचं किती रूपांतर झालं ते त्यातून कळतं. शिवाय गालाच्या आत कापसाची काडी फिरवून घेतो, ती जनुकांसाठी. पाहुणे आले की मी यंत्र दाखवते, बाटल्यांचं फडताळ दाखवत नाही.

या वेळी भावंडांच्या जोड्यांवर काम होतं. तपासणी झाली, निकाल लागले आणि लोकांना कळवायची वेळ आली. माझ्या क्षेत्रातले शब्द असे की माणूस पत्र वाचून आजारी पडावा. म्हणून मी हट्टच धरला, सगळं साध्या भाषेत लिहायचं. दोन संध्याकाळी बसून चार गटांना चार सुटसुटीत नावं दिली. ज्यांचं यकृत हे काम जवळजवळ करतच नाही ते मंद. थोडंफार करतं ते मध्यम. नीट करतं ते सामान्य. गरजेपेक्षा जास्त करतं ते चपळ. नीतिसमितीने मसुद्यावर ‘भाषा सोपी व आपुलकीची आहे’ असा शेरा मारला. मी तो शेरा कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला.

प्रत्येक पाकिटात चारही गटांची यादी होती, आणि मंद गटाला गेलेलं पत्र असं होतं: ‘आपण मंद गटात मोडता. हे आपल्याला आईवडिलांकडून आलेले असून त्यावर उपचार नाही. तथापि काळजीचे कारण नाही. सोबतचे कार्ड कायम जवळ बाळगावे व प्रत्येक डॉक्टरांना आवर्जून दाखवावे.’

कार्ड पिवळं होतं. त्यावर नंबर, खाली तीन ओळींत टाळायच्या औषधांची नावं, आणि वर ठळक अक्षरांत फक्त एक शब्द.

पत्रं सोमवारी गेली. बुधवारी फोन सुरू झाले. पहिला फोन एका बाईंचा. यजमानांचं पत्र लॅमिनेट करून मिळेल का, असं त्यांनी विचारलं. “एकोणतीस वर्षं मी हेच सांगतेय हो, पण माझ्या सांगण्याला शिक्का नव्हता.” एका अधिकाऱ्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला, कारण त्या दिवशी त्यांचं पोट बरं नव्हतं. एका चपळ तरुणाने आपलं पत्र नोकरीच्या अर्जाला जोडलं. आणि सगळ्यांत जास्त दुखावले ते सामान्य.

“इतकी वर्षं मान मोडून काम केलं,” एक बाई म्हणाल्या, “आणि शेवटी सामान्यच?”

“अहो, तोच सगळ्यांत चांगला गट आहे.”

“तुमचा कोणता?”

“माझा मध्यम.”

“तरीच,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी हसत होते, हे कबूल करते. माझी सांख्यिकीवाली मैत्रीण डोक्याला हात लावून बसली होती आणि मी प्रत्येक फोन झाला की तिला नक्कल करून दाखवत होते. गुरुवारी दुपारी दारात काठीचा आवाज झाला आणि माझं हसू जागच्या जागी आटलं. मामा आले होते.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही शिकवणं थांबलेलं नाही, फक्त वर्ग गेला. भावंडांची जोडी हवी म्हणून मी त्यांना आणि आईला दोघांनाही या अभ्यासात ओढलं होतं. मामांनी बाटली परत आणली तेव्हा तिच्यावरच्या रेघा समान अंतरावर नाहीत असा लेखी आक्षेपही सोबत आणला होता. नातेवाइकांचे निकाल मी स्वतः पाहायचे नाहीत, अशी समितीची अट होती. ते काम सांख्यिकीवालीने केलं, पाकिटंही तिनेच बंद केली. त्यामुळे मामांच्या पाकिटात काय गेलं, ते मला मामांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

त्यांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. लाल पेनाने तपासलेलं होतं. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातला होता आणि एका शब्दाभोवती गोल काढून प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

“हे तू लिहिलंस?”

“मामा, आधी बसा. गुडघा दुखत असेल.”

“गुडघ्याला कुणी काही विचारलेलं नाही. हे तू लिहिलंस?”

“हो. पण ते यकृताबद्दल आहे.”

“यकृत? दाखव कुठे लिहिलंय. वाक्याचा कर्ता कोण? ‘आपण’. आपण मंद गटात मोडता. मोडतो तो मी, माझं यकृत नाही. शिवाय आईवडिलांनाही त्यात घेतलंस. आणि वर उपचार नाही!”

व्याकरणात मामांशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. सांख्यिकीवाली यंत्राच्या मागे जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि मुद्द्याचं सांगायला लागले, कारण मंद म्हटल्यावर माझ्या डोक्यात भलतीच घंटा वाजली होती. ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून आपल्याकडे सर्रास कोडीनची गोळी देतात. ती गोळी म्हणजे नुसतं बंद पाकीट. खरं औषध आत असतं, आणि ते पाकीट फोडायचं काम यकृत करतं. ज्याचं यकृत ते फोडतच नाही, त्याने मूठभर गोळ्या गिळल्या तरी दुखणं तसंच राहतं.

“मामा, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्हाला हीच गोळी दिली होती.”

मामांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्या ऑपरेशनला अकरा वर्षं झाली होती. तेव्हा ते असे ओरडले की खालच्या मजल्यावरचे लोक वर पाहायला आले. परिचारिकेने कागदावर लिहिलं, ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ मामी लाजेने व्हरांड्यात जाऊन बसली. आणि आम्ही भाचरांनी मामांचं नाव ‘भोंगा’ ठेवलं. घरात चार माणसं जमली की कुणीतरी भोंगा वाजवून दाखवायचं आणि सगळे लोटपोट व्हायचे. नक्कल सगळ्यांत हुबेहूब कोण करायचं, ते विचारू नका. मीच करायचे.

“म्हणजे तेव्हा,” मामा सावकाश म्हणाले, “मला खरंच दुखत होतं.”

“खरंच दुखत होतं.”

“मला वाटायला लागलं होतं की माझ्यातच काही कमी आहे. सगळे एकाच सुरात सांगत होते.” त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. मला त्यांची मनापासून माफी मागायची होती. पण आमच्या घरात माफी मागायची रीत नाही, विषय बदलायची आहे. म्हणून मी विषय बदलला.

“आता बुधवारी गुडघ्याचं ऑपरेशन आहे ना? हे कार्ड तेवढं डॉक्टरांना दाखवा. ते दुसरं औषध देतील. ओरडायची वेळच येणार नाही.”

“कुणाला दाखवू?”

“गुडघ्याच्या डॉक्टरांना. वरच बसतात, दुसऱ्या मजल्यावर.”

मामांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. “त्याला? हे? शक्य नाही.”

तेव्हा मला आठवलं. गुडघ्याचे डॉक्टर मामांचे विद्यार्थी होते. मामा वर्गात कुणाला मारत नसत, पण त्यांची एक पद्धत होती. पहिल्या चाचणीनंतर ते मुलांची वर्गवारी करत आणि फळ्यावर नावासकट लिहून ठेवत: हुशार, मध्यम, मंद. गुडघ्याचे डॉक्टर सलग दोन वर्षं तिसऱ्या यादीत होते. पुढच्या वर्षी तर त्यांच्यासाठी मामांनी चौथी यादी काढली. तिचं नाव होतं अतिमंद, आणि तिच्यात ते एकटेच होते.

“वर्गमूळ काढायला सांगितलं की त्याला घाम फुटायचा,” मामा म्हणाले. “सगळ्यांदेखत फळ्यापाशी उभं करायचो मी त्याला. आणि आता त्याच्या टेबलावर मी स्वतः हे पिवळं कार्ड ठेवू? शिक्क्यासकट?”

मी म्हटलं, कार्ड नका दाखवू, नुसतं सांगा की मला कोडीन चालत नाही. मामा म्हणाले, आणि त्याने का विचारलं तर? खोटं बोलू? मी म्हटलं, दुसरं कार्ड छापून देते, मंदऐवजी हळू लिहिते. मामा म्हणाले, शब्द बदलून उत्तर बदलत नाही. शिवाय शब्द बदलायचा तर समितीची मंजुरी लागते आणि तिला सहा आठवडे लागतात. ऑपरेशनला सहा दिवस होते.

“मग मीच सांगते त्यांना.”

“तू सह्या केल्यात,” मामा उठत म्हणाले. “निकाल माझ्या संमतीशिवाय कुणाला सांगणार नाही म्हणून. परिच्छेद सात. वाचलाय मी. तो शब्द तुझ्या तोंडून वर गेला तर तुझं-माझं बोलणं बंद.”

“मग दुखेल, मामा. मागच्यापेक्षा जास्त दुखेल. गुडघा आहे हा.”

“दुखू दे. ओरडायची सवय आहे मला.” असं म्हणून ते काठी टेकत निघाले. जाताना सांख्यिकीवालीला सांगून गेले की यंत्राचा आवाज बरोबर नाही.

चौदा वर्षं ज्या प्रश्नापायी बाटल्या धुतल्या, त्याचं उत्तर माझ्याच मामांच्या खिशात होतं आणि ते तिथेच राहणार होतं. शुक्रवारी मी मुद्दाम उपाहारगृहात गुडघ्याच्या डॉक्टरांच्या समोर जाऊन बसले. सांगायचं नव्हतं काही, फक्त अंदाज घ्यायचा होता. मनात म्हटलं, माणूस सगळं विसरून गेला असेल.

“बुधवारी माझे मामा आहेत ना तुमच्याकडे?”

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. “सर! म्हणजे काय! यादीत नाव पाहिलं तेव्हा मी उभा राहिलो खुर्चीतून. अजून स्वप्नात येतात ते माझ्या. मी फळ्यापाशी उभा असतो, हातात खडू असतो आणि अंगावर ऑपरेशनचा हिरवा झगा.”

“रागावलात का त्यांच्यावर?”

“छे हो. इतका मोठा माणूस.” ते दात विचकून हसले. “फक्त भूल देण्याआधी एकदा सतराचा पाढा विचारणार आहे. बाकी काळजी करू नका. औषधं मी कालच लिहून ठेवली. नेहमीचीच, दर सहा तासांनी कोडीन.”

माझ्या घशात घास अडकला. त्यांनी उठून माझ्या पाठीत थापट्या मारल्या. परिच्छेद सात नसता तर त्या थापट्यांबरोबर सगळं बाहेर पडलं असतं.

शनिवारी घरी येऊन मी आईसमोर मनसोक्त चिडचिड केली. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते. ती खिडकीपाशी बसून पडद्याला टाके घालत होती. म्हटलं, तुझा भाऊ कसला हेकट आहे, एका शब्दापायी हाल करून घेणार आहे. अहंकार कुठल्या थराला जावा! आणि मग, सवयीने, मी ते वाक्यही बोलले जे आमच्या घरात तीन वर्षं चलनात होतं. “नाहीतर तू. खुबा मोडला, केवढं मोठं ऑपरेशन झालं, पण तोंडातून हूं की चूं नाही. त्यांनी जरा तुझ्याकडून शिकावं.”

आईने टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला. “उद्या सकाळी जाऊ त्याच्याकडे,” म्हणाली. “मी बोलते.”

मला हायसं वाटलं. मामा जगात फक्त आईला बिचकतात.

रविवारी आम्ही गेलो तेव्हा मामा टेबलाशी बसून उगाचच कसलं तरी समीकरण सोडवत होते. मामीने दार उघडतानाच माझ्या कानात सांगितलं, “ह्यांनी ते कार्ड कपाटात ठेवून कुलूप लावलंय. किल्ली खिशात. मला वाचूही दिलं नाही.” मामी पाणी घेऊन आली. मामा आमच्याकडे न बघता म्हणाले, “ताई, तू सांगून उपयोग नाही. माझं ठरलंय.”

आई बसली नाही. तिने पर्स उघडली, त्यातून कात्रीने नीट कापून उघडलेलं पाकीट काढलं, पाकिटातून एक पिवळं कार्ड काढलं आणि मामांच्या वहीवर ठेवलं.

मामांनी चष्मा सारखा केला. कार्ड वाचलं. उलटं करून पाहिलं, मागे काहीच नव्हतं. मग त्यांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

“हे माझं आहे. तुझ्याकडे कसं आलं?”

“नंबर वाच.”

“अठ्ठेचाळीस.”

“तुझा सत्तेचाळीस. तुझ्यामागे रांगेत कोण उभं होतं?”

मामांनी कार्डावरचा नंबर पुन्हा वाचला. मी बोलायला हवं होतं, कारण त्या खोलीत हा विषय कळणारी मी एकटी होते. दर माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. दोन्ही बिघडलेल्या असल्या की माणूस मंद. एका भावंडाच्या दोन्ही बिघडलेल्या निघाल्या तर दुसऱ्याच्याही तशा असण्याची शक्यता निदान चारात एक. हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवते. मी स्वतः मध्यम. म्हणजे माझ्याकडे एक बिघडलेली प्रत, आणि ती आईकडून आली असणार, इतपत गणितही मी केलं होतं. दोन्हीचं केलं नव्हतं. आईच्या बाबतीत कशाला करायचं? ती तर कधी कुरकुरली नव्हती.

“ताई,” मामा म्हणाले. “मग तुझा खुबा?”

“दुखला.”

“किती?”

गणिताचाच माणूस तो. आईने खरंच विचार केला. “गोळीच्या आधी होता तेवढाच,” ती म्हणाली. “गोळीनंतरही तेवढाच.”

त्या गोळ्या मी दिल्या होत्या. दर सहा तासांनी, घड्याळ लावून. फ्रीजवर मी तक्ता चिकटवला होता आणि प्रत्येक गोळीपुढे आई स्वतः पेनाने बरोबरची खूण करायची. बरं वाटतंय ना आई? हो, वाटतंय. पाच आठवडे. मी तो तक्ता एका व्याख्यानात दाखवलाही होता, रुग्ण किती शिस्तीचा असू शकतो याचं उदाहरण म्हणून. मला इतकी लाज वाटली की आईकडे बघवेना. दुनियेच्या लघवीत मी जे शोधत होते ते माझ्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभं होतं, आणि मी त्याला हिंमत म्हणत होते.

“मग बोलली का नाहीस?” मामांचा आवाज चढला. “तोंड नव्हतं का तुला?”

“काय बोलायचं?” आई म्हणाली. “तू बोललास. तुझा भोंगा झाला.”

मामीने पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला. “मी व्हरांड्यात जाऊन बसले होते तेव्हा,” ती मामांना म्हणाली. “तुम्ही आत ओरडत होतात आणि मला वाटत होतं, लोक काय म्हणतील. चुकलंच माझं.” आमच्या घरातली ती मी ऐकलेली पहिली माफी. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि किल्ली काढून कपाट उघडलं. आपलं कार्ड त्यांनी आईच्या कार्डावर ठेवलं, दोन्हींच्या कडा जुळवल्या आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली.

“उद्या जाऊ,” म्हणाले. “ताई, तूही चल.”

सोमवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं रांगेत बसलो. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. नंबर आला तसे डॉक्टर खरोखरच खुर्चीतून उठून उभे राहिले आणि मामा दारातच घुटमळले. इतक्या वर्षांनी या माणसाला तू म्हणायचं की तुम्ही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

“या सर, बसा सर.”

“बस... बसा,” मामा म्हणाले. “तू... तुम्ही आधी बसा. म्हणजे, बस बाबा तू.”

बसल्यावर मामांनी खिशातून कार्डं काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी वरचं कार्ड उचललं, वाचलं आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांनी तो महत्प्रयासाने जागेवर आणला.

“हा शब्द कुणी निवडला?”

“मी,” मी म्हणाले.

“ओळखीचा आहे,” डॉक्टर म्हणाले.

“हस,” मामा म्हणाले. “तुझा हक्क आहे. मी अडवणार नाही.”

आणि डॉक्टर हसले. आधी आवाज दाबून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आश्चर्य म्हणजे मामाही हसायला लागले. बाहेरच्या रांगेतली माणसं माना उंच करून आत बघायला लागली, इतके ते दोघं हसले. मग डॉक्टरांनी डोळे पुसले, कार्ड पुन्हा नीट वाचलं, मामांचा कागद ओढला आणि कोडीनवर आडवी रेघ मारली.

“बरं झालं दाखवलंत, सर. नाहीतर बुधवारी वाट लागली असती. याऐवजी थेट मॉर्फीन देतो, मोजून. पायाची नसही बधिर करू. मला आधी कळलं असतं तर...”

“माझं राहू दे,” मामा म्हणाले. “खालचं कार्ड बघ. हिचं आधी लिहून ठेव. इस्पितळाच्या दप्तरात, मोठ्या अक्षरांत.”

डॉक्टरांनी खालचं कार्ड पाहिलं, मग आईकडे पाहिलं. “पण ऑपरेशन तर तुमचं आहे ना, सर?”

“माझं मी ओरडून सांगतो. अख्ख्या इस्पितळाला माहीत आहे. ही सांगत नाही.”

“अरे, माझं काय मध्येच?” आई संकोचून म्हणाली. “तुझ्या गुडघ्यासाठी आलोय आपण. माझं झालं गेलं.”

“तू गप्प बस, ताई,” मामा म्हणाले. सवयीने म्हणाले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं. ते खुर्चीत तिच्याकडे वळले, दुखरा पाय हातांनी उचलून वळले. “नाही. गप्प नको बसू. कुठे दुखतं ते सांग त्याला.”

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग तिने डॉक्टरांकडे पाहिलं आणि हळूच उजवा हात खुब्यावर ठेवला.

“इथे,” ती म्हणाली. “जिना चढताना. अजून दुखतं.”